चेंबरच्या बोल्टावरची गुलाबी रेघ

दिनांक १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. रुपये एक हजार आठशे चाळीस फक्त. मन्सूर मिस्त्रींनी दिलेल्या कागदावरचा हा आकडा मी तीनदा वाचला. काम होते एका बोल्टाचे.

गाडी म्हणजे आमच्या वनोपज सहकारी संस्थेची जीप. संस्थेचे कार्यालय चामोर्शीत आहे आणि मी तिथला लेखापाल. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन इथे चिकटलो, तो येत्या ऑगस्टात निवृत्त होईन. हिरडा, बेहडा, लाख, डिंक, मोहफूल यांच्या खरेदीसाठी ही जीप आठवड्यातून चार दिवस जंगलातल्या टोल्यांवर, म्हणजे पाड्यांवर, जाते. लच्छू कोवे ती चालवतो. सोमवारी घोटच्या रस्त्याने परत येताना तो एका ठिकाणी उतरला, तेव्हा त्याला मागे डांबरावर तेलाची बारीक रेघ दिसली. वाकून पाहिले तर इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट नुसत्या हाताने गरगर फिरत होता. ऑइल बदलताना जुने तेल जिथून खाली सोडतात, तो हा बोल्ट. लच्छूने तो काढून खिशात टाकला, भोकात अंगाच्या साबणाचा तुकडा आणि फडके कोंबले, इंजिन चालू केले नाही, आणि एका ट्रॅक्टरला दोर बांधून जीप मन्सूर मिस्त्रींच्या शेडमध्ये आणून उभी केली.

"चुडी मेली साहेब," मिस्त्री मला म्हणाले. चुडी म्हणजे आटे. "बोल्टाची नाई, चेंबरची. बोल्ट लोखंडाचा, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं. लोखंडाशी कुस्ती लागली का अ‍ॅल्युमिनियमच हारते."

"कशाने मेली?"

"जास्त कसल्यानं. नाईतर घडी घडी खोलल्यानं."

"शेवटचं कोणी खोललं होतं?"

ते हात पुसत राहिले. मग म्हणाले, "जानेवारीत ऑइल मीच बदललं. सात तारखेले."

सात तारीख मला ठाऊक होती. ती त्यांच्या तोंडून ऐकायची होती.

गाडीची नोंदवही माझ्याकडे असते. नोव्हेंबर २०२३ पासून ही जीप दर महिन्याला लिटरभर ऑइल वरून मागू लागली होती. त्याआधी नऊ वर्षे तिने एक थेंब मागितला नव्हता. त्या पहिल्या नोंदीभोवती मी तेव्हाच लाल शाईने गोल केला होता. गाडी तेल खाऊ लागली की एक दिवस मिस्त्री म्हणणार, इंजिन खोलावे लागेल. आणि इंजिन खोलायचे म्हणजे मोठे बिल. तो दिवस कधी येतो याची मी वाट पाहत होतो. इंजिनाऐवजी बोल्ट आला, एवढाच फरक. ज्याने शेवटचा हात लावला त्याच्याच दुकानात गाडी मोडून येते आणि तोच दुरुस्तीचा आकडा सांगतो, यात संशय घेण्यासारखे काही नाही असे म्हणायला माणूस फारच भोळा हवा.

"आणि हे पाहा," असे म्हणून मिस्त्रींनी लच्छूने आणलेला बोल्ट माझ्यासमोर धरला. "मी चेंबरचा बोल्ट कसला का त्याच्यावरून चेंबरवर एक रेघ मारतो. नेलपॉलिशची. उमेराची शीशी आहे. ओरडते मले, अब्बा, माह्याहून जास्त तुमच्या गाड्याच नटतात म्हणते. कोणी बोल्ट हलवला का रेघ तुटते." उमेरा ही त्यांची मुलगी, गडचिरोलीला नर्सिंग शिकते. "चेंबरवरची अर्धी रेघ साबूत आहे. बोल्टावरची पान्यानं खरडली. अन् हे कोपरे पाहा, घासलेले. मी रिंग पाना लावतो, त्यानं कोपरे मरत नाई. हे स्क्रू पान्याचं, ढिल्या तोंडाच्या पान्याचं काम आहे. माह्या शेडमधे स्क्रू पानाच नाई."

"रेघ तर आज सकाळीही खरडता येते, मिस्त्री."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागावले असावेत, पण आवाज चढला नाही. "येते ना," ते म्हणाले. "रेघ माझी, बोल्ट माह्या हातात, शेड माझं. तुमचं बरोबर आहे."

हे त्यांचे सरळ बोलणे होते की टोमणा, हे मला तेव्हा कळले नाही.

दोन हजारांपर्यंतची दुरुस्ती माझ्या सहीने होते. मी सही केली, आणि कार्यालयात येऊन दुसरा कागद लिहायला घेतला. शनिवारी, पंधरा तारखेला संचालक मंडळाची बैठक होती. संस्थेच्या यादीवर तीन वर्कशॉप आहेत, त्यांतून मन्सूर मिस्त्रींचे नाव कमी करावे अशी ती टिपणी होती. तालुक्यातल्या आणखी चार कार्यालयांच्या गाड्या आमची यादी बघून त्यांच्याकडे जातात, हे मला माहीत होते. आमच्या यादीतून नाव गेले की त्या चारही जाणार, आणि मग शेडमध्ये उरणार मोटारसायकली आणि धानाच्या हंगामातली थ्रेशर. हेही माहीत होते. टिपणीत एक रकाना असतो, 'बिघाडाचे कारण'. तो मी रिकामा ठेवला. पुराव्याशिवाय कारण लिहायचे नाही, ही माझी जुनी सवय.

मन्सूर मिस्त्रींबद्दल इथे जे सांगतात ते सांगायला हवे. खरे-खोटे मी अर्धेच तपासू शकलो.

त्यांचे वडील ब्रह्मपुरीला राईस मिलमध्ये फिटर होते. सातवीनंतर मन्सूर मिलमध्येच पट्ट्याला राळ लावायला लागले. पुढे एका रस्ता कंत्राटदाराकडे रोड रोलरवर गेले आणि एक्क्याण्णव साली त्या रोलरबरोबर चामोर्शीला आले. रस्ता निम्मा झाला आणि कंत्राटदार पळाला. मुकादम गेला, मजूर गेले. मन्सूर राहिले, कारण जाताना मुकादम म्हणाला होता, रोलरकडे लक्ष ठेव. चार महिने हा माणूस रस्त्याच्या कडेला रोलरखाली चूल मांडून राहिला. लोक हसायचे. "रोलर का पळून जाते का रे?" म्हणायचे. मग एका शेतकऱ्याचे पाण्याचे इंजिन अडले, ते यांनी चालू करून दिले. मग दुसऱ्याचे. चौथ्या महिन्यात कंत्राटदाराचा माणूस रोलर न्यायला आला, तेव्हा रोलरची एकही वस्तू कमी नव्हती. पगार द्यायला त्याच्याजवळ काही नव्हते, म्हणून त्याने रोलरची हत्यारांची पेटी देऊन टाकली. त्या पेटीवर शेड उभे राहिले. त्या काळी शिवणकाम करणारी अमिना नावाची मुलगी, आताची त्यांची बायको, शेडसमोरून जात असे. तिच्या मशीनचे चाक अडले होते म्हणतात. ते तपासायची मला गरज नव्हती.

मी ही गोष्ट ऐकली होती तेव्हाही मनात आले होते की चार महिने फुकट राखण कोणी करत नाही. पेटीत आधीपासून डोळा असेल.

गुरुवारी दुरुस्ती होती. मी जाऊन समोर बसलो.

"स्टूल मोजून घ्या साहेब, चार पाय आहेत," मिस्त्री गाडीखालून म्हणाले. "जाताना कमी नको निघाले."

लच्छू हसला. मी हसलो नाही.

चेंबर सोडवून खाली काढायचे तर पुढचा अख्खा भाग उतरवावा लागला असता, म्हणून काम गाडीखाली निजूनच चालले होते. मिस्त्रींनी त्यासाठी दोन रस्ते सांगितले. एक, त्याच भोकात एक नंबर मोठा बोल्ट चुडी कापत कापत ठोकून बसवायचा. तीनशे रुपयांत काम होते. दुसरा, भोक मोठे करून त्यात पोलादाचा बुश कायमचा बसवायचा. बुश म्हणजे आतून-बाहेरून चुडी असलेली छोटी बांगडी समजा. बोल्ट मग त्या बुशमध्ये फिरतो, चेंबरला त्याचा त्रास नाही.

"तीनशेचं का करत नाही?" मी विचारले.

"करतो ना. सांगा. पण तो बोल्ट दोनदा खोलला का चेंबर भंगारात. नवं चेंबर साडेसहा हजाराचं आहे. तवा तुम्ही म्हणान, मन्सूरनं सस्त्यात फसवलं. आता म्हणून राह्यले महाग्यात फसवलं."

"मी असं काही म्हटलेलं नाही."

"तोंडानं नाई म्हटलं," ते म्हणाले.

बुश त्यांनी मंगळवारीच गडचिरोलीच्या खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याकडून, करून आणला होता. त्याची चिठ्ठी मी मागून घेतली. सहाशे पन्नास. मजुरी नऊशे, नवा बोल्ट आणि तांब्याचे वायसर मिळून एकशे सत्तर, धुण्याचे ऑइल एकशे वीस. बेरीज बरोबर होती.

त्यांनी ती रोलरची पेटी उघडली. आत मेणकापडात गुंडाळलेले टॅप होते, चुडी कापायची हत्यारे. कापडाला डाग नव्हता. टॅपच्या खोबणीत त्यांनी बोटाने ग्रीस भरले.

"हे कशाले?" लच्छूने विचारले.

"कीस पकडाले. अ‍ॅल्युमिनियमचा कीस वर चढला तर इंजिनाच्या पोटात जाते. मंग साहेबाची टिपणी दोन पानाची होते."

म्हणजे टिपणीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. कार्यालयातून बातमी बाहेर कोण नेतो, हा वेगळा संशय मी मनात नोंदवून ठेवला.

टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पुन्हा अर्धा पुढे, पाव मागे. तीन-चार फेऱ्यांनी बाहेर काढायचा, फडक्याला पुसायचा, फडके उजेडात धरून चांदीसारखा चमकणारा कीस पाहायचा, नवे ग्रीस भरायचे, पुन्हा चढवायचा. हे दीड तास चालले. एकदाही हात भरकन फिरला नाही. त्यांच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या आणि डोळ्यांत गंज पडत होता. मी घड्याळ पाहत होतो. नऊशे रुपये मजुरीत किती मिनिटे बसतात, याचा हिशोब चालला होता. दीड तासानंतर मी तो सोडून दिला.

बुश बसला. त्यांनी अर्धा लिटर ऑइल वरून ओतले आणि भोकातून स्वच्छ थाळीत सोडले, ते फडक्यातून गाळले, फडक्यावर बोट फिरवले. दोन कण निघाले. पुन्हा ओतले, पुन्हा सोडले. एकही कण नाही. मग वायसर घालून बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवला, रिंग पान्याने एक छोटा हिसका दिला आणि थांबले.

"एवढंच?" मी म्हणालो. "आणखी कसा. पुन्हा गळेल."

"गळणं वायसर थांबवते साहेब, ताकद नाई. हे ज्याले समजलं नाई त्यानंच चुडी मारली."

मग खिशातून गुलाबी शीशी काढून त्यांनी बोल्टावरून चेंबरवर रेघ ओढली. पक्की सरळ रेघ. मी वाकून पाहून घेतली.

शुक्रवारी मी स्वतः जीपमध्ये बसून फेरीवर गेलो. कारण सांगितले, खरेदीची तपासणी. खरे कारण ती रेघ होती. मिस्त्री रेघेची गोष्ट सांगतात तर ती मीच वापरीन, असे ठरवले होते. प्रत्येक थांब्यावर लच्छू वजनकाट्याकडे गेला की मी वाकून गाडीखाली पाहत होतो. रेघ अखंड होती.

घोटच्या पलीकडच्या टोल्यावर जीप थांबली, आणि एक म्हातारा हातात प्लॅस्टिकची रिकामी बाटली घेऊन लच्छूच्या बाजूने झपझप आला. झिंगूबा म्हणतात त्यांना. आम्हाला हिरडा विकणारे. मी दुसऱ्या बाजूने उतरलो. मला पाहताच त्यांनी बाटली पाठीमागे नेली.

"काय आहे हो बाबा?"

"काई नाई जी."

"दाखवा."

बाटली आतून काळी होती. वास घेतला. जळक्या ऑइलचा.

"हे कशाला लागते?"

झिंगूबांनी लच्छूकडे पाहिले. लच्छू जमिनीकडे पाहत होता. मग म्हाताऱ्याने हाताने आपल्या घराकडे दाखवले. कुडाचे घर, नवे. त्याचे सगळे लाकडी खांब जमिनीपासून हातभर काळे होते. मी पलीकडच्या घराकडे पाहिले. त्याचेही काळे. त्याच्या पलीकडच्या घराचेही. गोठ्याचे, मांडवाचे, टोल्यातले एकूण एक खांब खालून हातभर काळे.

"उधई लागते न साहेब," झिंगूबा म्हणाले. उधई म्हणजे वाळवी. "पोकळ करून टाकते खांब. लच्छूभाऊचं काळं तेल लावलं का दोन साल तोंड नाई लावत. म्हणून त आमी हिरडा दुसऱ्याले देत नाई, तुमच्याच गाडीले ठेवतो. घरासाठी अजून दोन खांब राह्यले, गेल्या हप्त्यात पुरलं नाई."

सतरा वर्षे हा टोला खाजगी व्यापाऱ्याकडे माल टाकत होता. मागच्या वर्षी अचानक आमच्याकडे वळला, आणि मंडळाने माझे अभिनंदन केले होते.

परतीच्या रस्त्यावर मी लच्छूला गाडी बाजूला घ्यायला लावली.

"कसं करतोस?"

"इंजीन गरम असते न साहेब, तेल पातळ असते. बोल्ट अर्धा ढिला करतो, बाटलीभर सोडतो, फिरून कसतो. मंग महिन्याले एक लिटर नवं टाकतो. चोरी नाई केली. एक रुपया घेतला नाई कोणाचा."

"कसतोस कशाने?"

"स्क्रू पाना आहे माह्याजवळ. गळाले नको म्हणून पान्याले पाईप लावतो."

"पाईप!"

"भेव वाटे न साहेब. जंगलात तेल गळालं त काय करू?"

"मिस्त्रीला हे ठाऊक होतं?"

"होतं. रेघ तुटली दिसे त्याले. जानेवारीत म्हणे, लच्छू, चुडी थकली, आता हात नको लावू. मी नाईच लावणार होतो. पण झिंगूबाचं घर..."

तर दोघांनाही ठाऊक होते आणि दोघेही गप्प होते. मला खरे सांगायचे तर हलके वाटले. कारणाचा रकाना आता भरता येणार होता, आणि एकाऐवजी दोन नावांनी.

"हा धंदा तुला कोणी शिकवला?"

लच्छूने स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. "जाऊ द्या न साहेब."

"जाऊ द्या कसं? लेखी द्यावं लागेल तुला."

"तुमच्या दारापासून सुरू झालं साहेब," तो म्हणाला. "तेवीसच्या दिवाळीच्या आंधी. तुमी म्हनले, लच्छू, समोरच्या चौकटीले उधई लागली, काळं तेल पाह्य थोडं. मी म्हनलो, सर्व्हिसिंगले टाइम आहे. मन्सूरभाऊचा जुन्या तेलाचा डरम त आंधीच विकून झालता. तुमी म्हनले, पाह्य न काई तरी. मंग मी काय करू? बोल्ट खोलला. नाई गळाला. मंग वाटलं, जमते."

मी विश्वास ठेवला नाही. पकडला गेलेला माणूस साहेबाचे नाव घेतो, म्हणजे साहेबाचे हात बांधले जातात. हा जुना मार्ग आहे. मी त्याला गाडी चालवायला सांगितले.

घरी आलो तो समोरच्या दारात थांबलो. चौकट खालून हातभर काळी. तिच्याकडे पाहत मी सव्वा वर्ष चपला काढत होतो.

"असे काय पाहता?" बायको आतून म्हणाली. "उधई आली का पुन्हा? त्या लच्छूला सांगा न, मागच्यासारखं आणून देईल."

मी रोजनिशी ठेवतो. २०२३ची काढली. २८ ऑक्टोबर, शनिवार. माझेच अक्षर. 'समोरची चौकट. काळे ऑइल दोन बाटल्या, लच्छूकडून. खर्च नाही.' तसाच कार्यालयात गेलो आणि गाडीची नोंदवही उघडली. त्या वर्षी जीपचे ऑइल ऑगस्टमध्ये बदलले होते, त्यानंतर जानेवारीत. ऑक्टोबरमध्ये बदललेच नव्हते. वरून टाकलेल्या ऑइलची पहिली नोंद ४ नोव्हेंबरची. तिच्याभोवती माझाच लाल गोल.

'खर्च नाही' असे लिहिताना तेल आले कुठून, हे मी विचारले नव्हते. दुसऱ्या कोणाच्या वहीत अशी नोंद दिसली असती तर मी पहिला प्रश्न तोच विचारला असता.

शनिवारी बैठकीआधी मी शेडवर गेलो. मिस्त्री एका मोटारसायकलची साखळी लावत होते.

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं," मी म्हणालो. "मग परवा बोलला का नाही?"

"काय बोलू? लच्छूनं केलं म्हणू? तुम्ही म्हटलं असतं, पाहा, आपलं पाप गरिबावर ढकलून राह्यला. रेघ दाखवली, त तुम्ही म्हटलं सकाळीच खरडली असन."

"तुमचं नाव जात होतं यादीतून."

"जात होतं. लच्छूची नोकरी जात होती. मी शेडमधे बसून हाच तराजू पाहून राह्यलो होतो." त्यांनी साखळी फिरवून पाहिली. "रोलर राखला तवा माझं लगन नव्हतं झालं. आता बायको विचारते, या खेपेले कोणाचा रोलर राखून राह्यले म्हणते."

"माझ्या दाराचं ठाऊक होतं?"

"लच्छूनं सांगितलं होतं."

"तेही बोलला नाहीत."

"ते त बिलकुलच नाई पटलं असतं तुम्हाले," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी चहा मागवला नाही. एरवी मागवतात.

बैठकीत मी जुनी टिपणी फाडून नवी ठेवली. कारणाच्या रकान्यात लिहिले: 'सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात काळे ऑइल काढण्यासाठी बोल्ट वारंवार उघडला व पाईप लावून जास्त कसला गेला. पहिली मागणी दि. २८/१०/२०२३ रोजी निम्नस्वाक्षरीकर्त्याने स्वतःच्या घरासाठी केली होती. वर्कशॉपची चूक नाही.' एका संचालकाने ते मोठ्याने वाचले. दुसरे म्हणाले, "चन्नावार, निवृत्तीला सहा महिने राहिले, हे लिहून कशाला ठेवता?" मी म्हणालो, लिहिलेले राहू द्या. मन्सूर मिस्त्रींचे नाव यादीवर राहिले. लच्छूला लेखी ताकीद मिळाली, मलाही. यापुढे सर्व्हिसिंगचे काळे ऑइल मिस्त्रींनी डब्यात भरून लच्छूकडे द्यावे आणि टोल्यावर वाटून सही-अंगठा घ्यावा, असे ठरले. मिस्त्रींना विचारायचे कोणाच्या लक्षात आले नाही. मला वाटते ते देतील. खात्री नाही.

बिल मंजूर झाले, पण धुण्याच्या ऑइलचे एकशे वीस रुपये दुकानाची पावती नसल्यामुळे कापले गेले. नियम बरोबर आहे. दुसऱ्याच्या बिलात मीही कापले असते. सोमवारी सतराशे वीस रुपयांचा चेक आणि माझ्या खिशातल्या शंभराची व वीसची अशा दोन नोटा घेऊन मी शेडवर गेलो.

मिस्त्रींनी चेक घेतला. तारीख पाहिली, आकडा पाहिला, अक्षरी रक्कम वाचली, सही पाहिली. मग चेक उलटा करून मागची बाजूही पाहिली. त्यांना असे करताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

"या दोन नोटा कशाच्या?"

"मंडळाने कापले. माझ्याकडून देतो."

"राहू द्या."

"हिशोब पूर्ण व्हायला हवा, मिस्त्री."

"नको व्हायले," ते म्हणाले. "तुमच्याकडे बाकी असली का तुम्ही इथी येऊन बसता, पाहता, विचारता. चुकती झाली का कार्यालयात बसून लिहिता. बाकी राहू द्या."

त्यांनी नोटा माझ्या हातात परत दिल्या आणि शेडसमोर उभ्या असलेल्या लच्छूच्या जीपखाली वाकले. मीही वाकून पाहिले. गुलाबी रेघ अखंड होती.

मन्सूर मिस्त्रींचे माझ्याकडे एकशे वीस रुपये येणे आहे.